नव्याण्णव मोठे की एकशे पाच

नोटीस आली ती बुधवारी, दुकान उघडायच्या आधी. शर्मिला मॅडमनी ती शालनताईंच्या हातात दिली आणि लगेच बिस्किटांच्या रॅककडे बघायला लागल्या. शर्मिला मॅडम म्हणजे 'नांदतं घर' या नऊ दुकानांच्या साखळीतल्या धायरी दुकानाच्या मॅनेजरबाई. बाई वाईट नव्हती, पण वरून आलेल्या कागदाला घाबरायची.

"काय आहे हो मॅडम?"

"नारायण पेठेतून आलंय, हेड ऑफिसमधून. खाली सही करून द्यायचीय. मंगळवारपर्यंत."

शालनताईंनी चष्मा पुसला, लावला आणि तिथेच उभ्या उभ्या वाचायला सुरुवात केली. 'दिवाळी सेलच्या कालावधीत आपण एकूण एकसष्ट वस्तूंच्या किमती सवलतीनंतर कमी करण्याऐवजी वाढवल्याचे संगणकीय तपासणीत आढळून आले आहे. सदर चूक आपणांस मान्य असल्याचे सोबतच्या नमुन्यात लिहून द्यावे.' नमुना तयारच होता. 'मी, खाली सही करणार' इथपासून 'भविष्यात असे घडल्यास होणाऱ्या कारवाईस मी पात्र राहीन' इथपर्यंत. फक्त नावाची जागा रिकामी.

"एकसष्ट?" शालनताई म्हणाल्या. "यादी कुठाय?"

"यादी नाही पाठवली."

"कुठली चूक तेच माहीत नाही आणि मान्य करायची? मग कोरा कागद द्या की. त्यावर सही करते, हवं ते लिहा तुम्ही."

शर्मिला मॅडम किल्ल्या घेऊन शटरकडे वळल्या. दुकानाचं शटर वर गेलं, दूध घ्यायला आलेले लोक आत शिरले आणि शालनताई आपल्या टेबलाशी जाऊन बसल्या.

या दुकानात त्यांना एकोणीस वर्षं झाली होती. माहेर खडकवासल्याच्या बाजूचं. वडील रंगराव कालव्याच्या डागडुजीवर मजूर होते. प्रौढांच्या वर्गात जाऊन ते चाळिशीत वाचायला शिकले आणि मग वाचायचे ते इतकं, की औषधाच्या बाटलीसोबत येणारा घडीचा कागदही सोडायचे नाहीत. लेकीला त्यांनी दहावी केलं. लग्न होऊन शालनताई धायरीत आल्या. नवरा बाबुराव ओव्हाळ, बसचा कंडक्टर, आता निवृत्त. मुलगा शाळेत जायला लागला तसं त्यांनी नव्याने उघडलेल्या या दुकानात काम धरलं. आधी डाळी निवडून पाकिटं भरायची, मग लेबल मारायचं यंत्र हातात आलं, दिवसाला हजार-हजार लेबलं. त्यानंतर काँप्युटर आला, तेव्हा बाकीच्या मागे सरकल्या आणि शालनताई खुर्ची ओढून समोर बसल्या.

आता त्या दुकानातल्या भावांच्या टेबलावर एकट्याच होत्या. मीठ केवढ्याला, फिनेल केवढ्याला, गेल्या महिन्यात केवढ्याला होतं, सगळं त्यांच्या जिभेवर. गिऱ्हाईकं रॅकवरचं लेबल वाचायच्या ऐवजी त्यांनाच विचारायची. एकदा एका सद्गृहस्थांनी साखर महाग झाल्याबद्दल त्यांनाच धारेवर धरलं, तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "साहेब, मी लेबल लावते. ऊस नाही लावत." सद्गृहस्थ हसले आणि दोन किलो साखर घेऊन गेले.

सेलचं काम असं चालायचं. हेड ऑफिसकडून यादी यायची, कुठल्या मालावर किती टक्के सवलत. भावाच्या टेबलावरची बाई आधीची किंमत बघून नवी किंमत काँप्युटरवर भरायची आणि तशी लेबलं काढून रॅकला लावायची. भरलेले भाव पूर्वी एक कारकून डोळ्यांखालून घालायचा. गणपतीनंतर त्याच्या जागी प्रोग्राम आला. सवलतीच्या आधीची किंमत आणि नंतरची किंमत तो शेजारी शेजारी ठेवणार, नंतरची मोठी दिसली की त्या वस्तूपुढे 'वाढ' लिहिणार आणि ती भरणाऱ्या बाईच्या नावावर मांडणार. कारकून निवृत्त झाला. प्रोग्राम चहा मागत नाही याचंच सगळ्यांना कौतुक होतं.

त्या दिवशी घरी गेल्यावर शालनताईंनी नोटीस बाबुरावांपुढे ठेवली. बाबुरावांनी ती वाचली, घडी घातली.

"सही कर आणि मोकळी हो," ते म्हणाले. "तीस वर्षं नोकरी केली मी. वरच्यांशी वाद घालून कुणाचं भलं झालेलं पाहिलं नाही."

"अहो, एकसष्ट वस्तू! एक म्हणाले असते, दोन म्हणाले असते, तर मी गप्प बसले असते. माणूस आहे, चुकले असेन. एकसष्ट वेळा मी डोळे मिटून भाव भरले?"

"तसं नाही म्हणत मी."

"कागद तसंच म्हणतोय. आणि त्याखाली माझं नाव मागतोय."

शनिवारपर्यंत त्यांनी शर्मिला मॅडमना इतक्या वेळा यादी मागितली, की मॅडमनी शेवटी हेड ऑफिसच्या कुणाला तरी फोन करून ती मागवली आणि छापून त्यांच्या हातात दिली. "मी दिली म्हणून सांगू नका," एवढंच म्हणाल्या. तीन पानं होती.

रविवारी रात्री जेवणं झाल्यावर शालनताई पेन्सिल घेऊन बसल्या. पहिली ओळ, कपडे धुवायची पावडर. आधीची किंमत एकशे पाच. नंतरची किंमत नव्याण्णव. पुढे लिहिलेलं, वाढ.

त्यांनी चष्मा काढला, परत लावला. दुसरी ओळ, खोबरेल तेल. आधी एकशे वीस, नंतर शहाण्णव. वाढ. तिसरी, प्रेशर कुकर. आधी एक हजार चाळीस, नंतर आठशे नव्याण्णव. वाढ.

"अहो, जरा इकडे या. नव्याण्णव मोठे की एकशे पाच?"

बाबुराव आडवे झाले होते. "काय चेष्टा लावलीय रात्रीची?"

"सांगा ना."

"एकशे पाच."

"हा कागद म्हणतोय नव्याण्णव मोठे."

बाबुराव उठून आले. दोघांनी मिळून तिन्ही पानं संपवली. एकसष्टच्या एकसष्ट ओळी तशाच. आकडा नोटिशीत लिहिणाऱ्याने पाहिला होता, त्याखाली सही करणाऱ्याने पाहिला होता, पण यादी उघडून वाचायची तसदी कुणी घेतली नव्हती.

शालनताई एवढ्यावर थांबल्या नाहीत. सेलमध्ये त्यांनी अडीचशेच्या वर वस्तूंचे भाव भरले होते. मग हीच एकसष्ट का? पंच्याण्णवचं पंच्याऐंशी झालेलं दंतमंजन यादीत नव्हतं. चारशेचा तीनशे साठ झालेला डबाही नव्हता. त्या पेन्सिल फिरवत बसल्या आणि अर्ध्या तासाने त्यांच्या लक्षात आलं. यादीत आलेल्या सगळ्या वस्तूंचे आकडे एका घराने उतरले होते. तीन आकडी होते ते दोन आकडी झाले, चार आकडी होते ते तीन आकडी. जे आपल्या घरात राहून कमी झाले, त्यांना प्रोग्रामने हात लावला नव्हता.

"हे माझं काम नाही," त्या बाबुरावांना म्हणाल्या. "ही त्या प्रोग्रामची खोड आहे."

"तुला काय कळतंय प्रोग्राममधलं?"

"काही नाही. पण खोड कळते. एकोणीस वर्षं मशीनं वापरलीत."

सोमवारी त्यांची साप्ताहिक सुट्टी. सकाळची बस धरून त्या नारायण पेठेत गेल्या. एका जुन्या छापखान्याच्या वर 'नांदतं घर'चं हेड ऑफिस, काचेच्या दाराचं. तपासणी खात्याचे प्रमुख अनिरुद्ध सबनीस. चाळिशीचे, इस्त्रीच्या शर्टातले, बोलायला अतिशय सभ्य.

"बसा ना, ओव्हाळबाई. सही आणलीत?"

"यादी आणलीय." त्यांनी पानं समोर ठेवली. "पहिली ओळ वाचा, साहेब."

सबनीसांनी वाचली. कपाळाला एक आठी पडली आणि लगेच गेली. "छापताना रकाने उलटे झाले असतील. आधीचं नंतर आणि नंतरचं आधी."

"नाही झालेले. ती पावडर नव्याण्णवलाच विकली आम्ही. रॅकला लेबल मी लावलं. बिलं काढून बघा."

"हे बघा, आता हा कोड असतो. तुम्हाला त्यातलं कळायचं नाही."

"कोड नाही कळत मला. भाव कळतात."

सबनीस हसले. "नऊ दुकानांत मिळून चौदा जणींना नोटीस गेली. तेरा जणींनी सही करून पाठवली. मग तुम्हालाच काय झालं?"

"मी वाचली." शालनताई म्हणाल्या. मग एकदम त्यांच्या ध्यानात आलं. "चौदा? आपल्या नऊ दुकानांत भावाच्या टेबलावर आहोतच आम्ही चौदा जणी. म्हणजे एकूण एक चोर? साहेब, नमुन्याला एखादी तरी प्रामाणिक ठेवायची होती."

सबनीसांचं हसू मावळलं. त्यांनी घड्याळ पाहिलं, मीटिंग आहे म्हणाले. शालनताई म्हणाल्या, जाऊन या, मी बसते. त्या खरोखरच बसल्या. तासाने सबनीस परत आले तेव्हा त्या त्याच खुर्चीत होत्या आणि ऑफिसच्या शिपायाने त्यांना चहा आणून दिला होता. शेवटी सबनीसांनी फोन उचलला आणि प्रोग्राम लिहिणाऱ्या मुलाला बोलावून घेतलं.

तेजस त्याचं नाव. सव्वीस-सत्तावीस वर्षांचा, गळ्यात हेडफोन, हातात लॅपटॉप. त्याने यादीवर नजर टाकली आणि खांदे उडवले.

"सर, लॉजिक एकदम सिंपल आहे. नंतरची प्राइस आधीच्या प्राइसपेक्षा जास्त असेल तर फ्लॅग. टेस्ट केलंय मी."

"टेस्ट म्हणजे तपासलं ना?" शालनताईंनी विचारलं. "कुठले आकडे घालून तपासलं, बाळ?"

"पन्नासचे चाळीस. पाचशेचे चारशे. उलटेही घातले, चाळीसचे पन्नास. सगळं बरोबर आलं."

"येणारच. आता एकशे पाचचे नव्याण्णव घाल."

तेजसने घातले. पडद्यावर आलं, वाढ. तो किंचित हसला, आकडे खोडले, परत घातले. परत वाढ. मग त्याने हेडफोन काढून टेबलावर ठेवले आणि काळ्या पडद्यावरच्या ओळी वर-खाली करायला लागला. खाली रस्त्यावर कुणीतरी रिक्षावाल्याशी मीटरवरून भांडत होतं, ते ऐकू येत होतं.

"ओह, शिट," तो म्हणाला आणि जीभ चावली. "सॉरी ताई. म्हणजे... बिलिंगच्या फाइलमधून किमती येतात ना, त्या नंबर म्हणून येत नाहीयेत. टेक्स्ट म्हणून येतायत."

"मराठीत सांग."

"काँप्युटर यांना आकडा समजतच नाहीये. शब्द समजतोय. शब्दकोशात कसं, पहिलं अक्षर आधी बघतात? तसं तो पहिला अंक बघतोय. एकशे पाचचा पहिला अंक एक. नव्याण्णवचा नऊ. एकानंतर नऊ येतो, म्हणून नव्याण्णव मोठे. पुढे किती अंक आहेत ते तो बघतच नाही."

"म्हणजे बालवाडीतल्या पोराला कळतं ते याला कळत नाही."

"मीच सांगितलं नाही त्याला," तेजस खालच्या आवाजात म्हणाला. "तुलना करायच्या आधी आकड्यात बदलून घ्यायचं. एका ओळीचं काम आहे."

"त्या एका ओळीपायी चौदा बायकांनी आठवडाभर मान खाली घातलीय."

सबनीस घाईने म्हणाले, "ठीक आहे, सापडलं ना? तेजस, तू दुरुस्त करून टाक. ओव्हाळबाई, धन्यवाद."

पण शालनताई उठल्या नव्हत्या. त्या पडद्याकडेच बघत होत्या. डोक्यात काहीतरी फिरत होतं. हा जर कमी झालेल्याला वाढलेलं म्हणतो, तर खरोखर वाढलेल्याला काय म्हणतो?

"आता उलटं घाल," त्या म्हणाल्या. "आधी पंच्याण्णव होतं, सेलमध्ये एकशे पाच लावलं."

तेजसने घातलं. पडद्यावर आलं, ठीक.

गणपतीपासून आजवर कुठल्याही दुकानात कुणी शंभराच्या आतली वस्तू सेलच्या नावाखाली शंभराच्या वर विकली असेल, तर या प्रोग्रामने तिच्या पाठीवर थाप मारून तिला पुढे जाऊ दिलं होतं. कमी केलेल्यांना मात्र धरून आणलं होतं.

"हे आपण अंतर्गत बघू," सबनीस म्हणाले. आवाजातला गोडवा आता मोजूनमापून येत होता. "तुमची नोटीस रद्द. मी आत्ताच पत्र देतो."

"चौदा जणींचं द्या."

"बाकीच्यांनी चूक मान्य केलीय. लेखी."

"झालीच नाही ती मान्य केलीय. यादीशिवाय."

"ओव्हाळबाई, तुम्ही आपल्यापुरतं बघा. तुम्ही काय त्यांच्या वकील आहात?"

"नाही. लेबलवाली आहे. लेबल एकाच पुड्याला लावून भागत नाही, साहेब. सगळ्या पुड्यांना लावावं लागतं."

सबनीसांनी तरीही एकट्या शालन ओव्हाळ यांच्या नावाचं पत्र टाइप करवून आणलं. शालनताईंनी ते नीट वाचलं, घडीही न घालता टेबलावर परत ठेवलं आणि जिना उतरून खाली आल्या. बसमध्ये बसल्या बसल्या त्यांनी बाकीच्या तेरा जणी कुठल्या कुठल्या दुकानात आहेत ते बोटांवर मोजलं.

घरी बाबुरावांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी जुन्या वहीचं एक पान फाडलं आणि नऊ दुकानांपैकी कुठल्या दुकानाला कुठली बस, कुठे बदलायची, हे लिहून काढलं. "रिक्षा करू नकोस," एवढंच म्हणाले. ते सही करण्याच्या बाजूचे होते, यावर त्या दिवसापासून घरात कुणी बोललं नाही.

पुढचे तीन सोमवार शालनताई दुकानं फिरल्या. सोबत एक पत्र, आमच्यावरच्या नोटिसा लेखी मागे घ्या, असं मालकांच्या नावे. कुणी जागच्या जागी सही केली. कुणी म्हणाली नवऱ्याला विचारते आणि परत फोन उचलला नाही. एकीने तर त्या आल्याचं बघून ग्राहकांच्या रांगेत तोंड लपवलं.

चौदांतल्या दुर्गाबाई बिबवेवाडीच्या दुकानात नव्हत्या. माफी लिहून दिल्यावर त्यांना भावाच्या टेबलावरून काढून नऱ्ह्याच्या गोडाऊनमध्ये पाठवलं होतं. शालनताई तिथे गेल्या. पोत्यांच्या मधोमध, नाकाला पदर बांधून, दुर्गाबाई उभ्या उभ्या तुरीच्या डाळीची पाकिटं भरत होत्या. पंचावन्नच्या बाई, गुडघे सुजलेले.

"आता कशाला आलीस?" त्यांनी सगळं ऐकून घेतल्यावर विचारलं. "सही केली, गप्प बसले, म्हणून हे तरी उरलं. पुन्हा माझं नाव वर गेलं तर हेही जाईल. तुझ्या घरात पेन्शन येते. माझ्याकडे कोण आहे?"

शालनताईंना आता तेजसकडून चौदा जणींच्या याद्या मिळाल्या होत्या. त्यातली दुर्गाबाईंची त्यांनी पोत्यावर ठेवली आणि म्हणाल्या, "सही नका करू. नुसती वाचा."

दुर्गाबाईंनी हात झटकले. बोट ठेवून एकेक ओळ वाचत गेल्या. अठ्ठ्याऐंशी ओळी होत्या. वाचून झाल्यावर पदर सोडून त्यांनी तोंड पुसलं, ते डाळीच्या धुळीसाठी की कशासाठी ते त्यांनाच ठाऊक.

"मला वाचता येत होतं गं," त्या म्हणाल्या. "वाचायला दिलंच नाही कुणी. आण ते पत्र."

चौदांपैकी नऊ सह्या झाल्या. पत्र मालकांकडे गेलं, त्याची प्रत सबनीसांकडे. इकडे तेजसला प्रोग्राम गुपचूप दुरुस्त करायला सांगितलं होतं. त्याने दुरुस्त केला, दिवाळीचा सगळा सेल नव्याने तपासून काढला, आणि मग चूक काय होती, कुणाची होती, कधीपासून होती, हे चार ओळींत लिहून नवी यादी नऊही दुकानांच्या मॅनेजरांना पाठवून दिली. चूक कुणाची, यापुढे त्याने स्वतःचं नाव लिहिलं होतं. सबनीस त्याच्यावर भडकले असं नंतर कळलं.

नव्या यादीत चौदा जणींची नावं जवळजवळ पुसलीच गेली होती. नऊ दुकानांत मिळून खरोखर भाव वाढलेल्या फक्त सात वस्तू सापडल्या.

शर्मिला मॅडमनी शालनताईंना आत बोलावलं. दार लावून घेतलं.

"सातांतली एक आपली आहे, शालनताई."

शेंगदाणे. अर्धा किलोचं पाकीट पंच्याण्णवचं पंच्याऐंशी व्हायला हवं होतं, एक किलोचं एकशे पंच्याऐंशीचं एकशे पासष्ट. शालनताईंनी दोन्ही भाव एकमेकांच्या जागी भरले होते. अर्धा किलो एकशे पासष्टला गेला, एक किलो पंच्याऐंशीला. एक किलोची ओळ तर पहिल्या यादीत होती. एकशे पंच्याऐंशीचे पंच्याऐंशी. त्या रविवारी पेन्सिलीने त्यांनी तिच्यापुढे खूण केली होती, प्रोग्रामची खोड म्हणून. एकदम शंभर रुपये कसे उतरले, हे बघितलंच नव्हतं.

शालनताईंनी पिशवीतली जुनी यादी काढून ती खूण पुन्हा एकदा पाहिली.

"सोडून द्या हो," शर्मिला मॅडम म्हणाल्या. "इतकं झाल्यावर आता त्या सातांबद्दल कोण विचारतंय? हेड ऑफिसला तर हा विषयच नकोय."

संध्याकाळी बाबुराव तेच म्हणाले. "आता तू आपणहून हे सांगायला गेलीस तर तो सबनीस नाचेल."

"नाचू दे. मी चोर नाही म्हणून भांडले ना? मग जी चूक माझी आहे ती झाकून ठेवली तर काय राहिलं त्या भांडणात?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी बिलं काढली. अर्धा किलोचं पाकीट अकरा जणांनी नेलं होतं. बिलावर फोन नंबर होते. शर्मिला मॅडमना समोर बसवून त्यांनी अकराही जणांना फोन केले, चूक सांगितली आणि येऊन फरक घेऊन जा म्हणाल्या. एका आजोबांना तर पटेचना, ही काहीतरी नवी फसवणूक आहे म्हणून त्यांनी फोन ठेवून दिला. सातजण आले.

मग त्यांनी पाठकोऱ्या कागदावर स्वतःच्या हाताने लिहिलं. कुठली वस्तू, कुठली तारीख, काय भरायला हवं होतं, काय भरलं. खाली सही केली, पूर्ण नाव, शालन बाबुराव ओव्हाळ, आणि सोमवारी तो कागद नारायण पेठेत नेऊन सबनीसांच्या टेबलावर ठेवला.

सबनीसांनी तो दोनदा वाचला. चेहरा उजळला.

"म्हणजे चूक होतीच की, ओव्हाळबाई."

"होती. एक. तुम्ही एकसष्ट म्हणाला होता."

सबनीसांनी कागद खाली ठेवला.

"आता तुमचा कागद द्या, साहेब. माझा दिला मी."

तो कागद यायला आणखी पाच आठवडे गेले. 'तांत्रिक कारणास्तव सदर नोटिसा रद्द समजण्यात याव्यात.' एवढीच ओळ, पण चौदा नावांची यादी खाली होती, ज्यांनी पत्रावर सही केली नव्हती त्यांचीही. कुणी दिलगिरी व्यक्त केली नव्हती. शालनताईंनी ते पत्र झेरॉक्स करून चौदा जणींना पोचतं केलं. फोन न उचलणारीचा त्या दिवशी फोन आला. ती नुसतीच रडली.

गुढीपाडव्याच्या सेलआधी तेजसने धायरीला फोन केला. "ताई, नवीन व्हर्जन टाकतोय. कुठले आकडे घालून बघू?" शालनताईंनी गिऱ्हाइकाला जरा थांबायला सांगितलं आणि एकामागोमाग एक वीस जोड्या सांगितल्या. नव्याण्णव, शंभर, एकशे एक. नऊशे नव्याण्णव, एक हजार. शेवटी म्हणाल्या, "आणि एकदा किंमत भरायचीच विसरून बघ. बायका विसरतात."

दुर्गाबाईंना मात्र टेबल परत मिळालं नाही. नोटीस रद्द झाली, पण बदली 'प्रशासकीय' होती म्हणे, तिचा नोटिशीशी काही संबंध नव्हता. दुर्गाबाई म्हणाल्या, राहू दे आता, मला सवय झाली. शालनताईंनी ते ऐकून घेतलं, आणि दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी त्या एक पत्र घेऊन नारायण पेठेत जायला लागल्या. मजकूर दर वेळी तोच. ज्या आरोपावरून दुर्गाबाईंना टेबलावरून हलवलं तो आरोप खोटा ठरला आहे, त्यांना मूळ जागी आणावं, किंवा का आणत नाही ते लेखी कळवावं. खाली दोन सह्या. दुर्गाबाई पहिल्या महिन्यात कुरकुरल्या, दुसऱ्या महिन्यापासून सही करायला पेन तयार ठेवायला लागल्या.

चौथ्या महिन्यात दारावरच्या मुलीने त्यांना बघताच शिक्का उचलला आणि न विचारता 'पोच' मारून दिली. शालनताईंनी तारीख नीट उमटली आहे का ते पाहिलं, कागद पिशवीत ठेवला आणि जिना उतरायला लागल्या. सबनीस खालून वर येत होते. अरुंद जिना, त्यामुळे थांबावं लागलं.

"ओव्हाळबाई," ते थकलेल्या आवाजात म्हणाले, "किती दिवस चालणार आहे हे?"

शालनताई कडेला सरकल्या, त्यांना वर जायला वाट करून दिली.

"माझी नोकरी अजून सात वर्षं आहे, साहेब," त्या म्हणाल्या आणि बसस्टॉपकडे निघाल्या.